आईची मायट्रल झडप बदलायची आहे: मेटल की टिश्यू, आणि घरी आल्यावर काय?

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ४६, राहणं भोर तालुक्यातल्या एका गावात. दोन वर्षांपासून चढावर दम लागतो, आता रात्री आडवं झालं की खोकला येतो. पुण्यात टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला. त्यात मायट्रल झडपेचं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर, झडपेतून मध्यम ते जास्त गळती, डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब ६५ मिमी (पारा) असं आलं आहे. ईसीजीत ठोके अनियमित आहेत. सर्जनांनी झडप बदलायला सांगून मेटलची (धातू-कार्बनची कृत्रिम) सुचवली. नातेवाईक म्हणतात टिश्यूची (प्राण्याच्या अवयवापासून केलेली) घाला, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी जन्मभर नको. मुलगा विचारतो: फुग्याने भागणार नाही का, ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात आणि पुढे काय?

थेट उत्तर आधी देतो. सर्जनांचा सल्ला बरोबर आहे, पण एका अटीवर. आईंचं रक्त वेळच्या वेळी तपासून त्याच दिवशी गोळीचा डोस ठरवण्याची सोय घराजवळ झाली पाहिजे. ती होणार असेल तर मेटल. ती खरोखरच होणार नसेल तर ४६ व्या वर्षीही टिश्यूचा विचार करावा लागेल, आणि दहा-पंधरा वर्षांत दुसरं ऑपरेशन येणार हे आजच धरून चालावं लागेल. ऑपरेशन पुण्यात चार-पाच तासांत होईल. झडप चांगली चालते की अडकते, हे मात्र पुढची कैक वर्षं भोरमध्ये ठरणार आहे.

आता रिपोर्ट समजून घ्या. मायट्रल म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप. तिला दोन पाकळ्या असतात आणि छत्रीला दोऱ्या असाव्यात तशा तंतूंनी त्या खालच्या कप्प्याला बांधलेल्या असतात. निरोगी माणसात तिचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं. १.५ किंवा त्याहून कमी झालं की आजार तीव्र धरतात. ०.८ म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचं भोक, ज्यातून करंगळीचं टोकही सहज जाणार नाही. मिनिटाला चार-पाच लिटर रक्त एवढ्याशा वाटेने जायचं, म्हणून ते मागे तुंबतं. वरचा कप्पा फुगतो, फुप्फुसातला दाब वाढतो, आडवं पडलं की खोकला येतो. फुगलेल्या कप्प्याची लय बिघडली, तो नीट आकुंचन पावेनासा झाला, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी झाली. रिपोर्टातल्या पाचही गोष्टी एकाच आजाराच्या साखळीतल्या आहेत.

साखळीची सुरुवात बहुतेक लहानपणी झाली असणार. पाच ते पंधरा वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजतो, त्यातून काही मुलांना रुमॅटिक ताप येतो, सांधे दुखतात आणि बरेही होतात. शरीराने जंतूविरुद्ध उभं केलेलं सैन्य मात्र झडपेवरही चालून जातं. पाकळ्या जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात, तंतू आखडतात. हे सगळं वीस-तीस वर्षं चालू असतं. आईंना तो ताप आठवत नसेल तर त्यात नवल नाही.

फुग्याचा प्रश्न रास्त आहे. जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून, झडपेत फुगा फुगवायचा आणि चिकटलेल्या कडा सुट्या करायच्या. १९८४ मध्ये जपानचे कांजी इनोउए यांनी ही पद्धत जगापुढे मांडली आणि आपल्याकडे हजारो रुग्णांना, विशेषतः तरुण बायकांना, तिचा मोठा फायदा झाला. पण आईंच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. नळी डाव्या वरच्या कप्प्यातूनच जाते. तिथली गुठळी सुटली तर थेट मेंदूत जाऊ शकते. एवढीच अडचण असती तर दोन-तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी देऊन, गुठळी विरघळली का ते अन्ननलिकेतून केलेल्या एकोने पाहून, मग फुगा करता आला असता. दुसरी अडचण गळतीची. मध्यमच्या पुढे गळती असताना फुगा फुगवला की ती आणखी वाढते. झडप दुरुस्त करणं हा तिसरा मार्ग. झडप ढिली होऊन गळत असेल तर दुरुस्ती सर्वांत उत्तम. रुमॅटिक आजारात तंतू आखडून पाकळ्यांचा चोथा झालेला असतो, तिथे दुरुस्ती फार काळ टिकत नाही. तरीही सर्जनांना विचारा की पाकळ्यांखालचा भाग किती खराब आहे. त्यांच्या उत्तरावरून बदलण्याचं कारण तुम्हाला स्पष्ट कळेल.

आता मेटल आणि टिश्यू.

मेटलच्या झडपेत आपल्याकडे दोन प्रकार जास्त बसवतात. एकात पायरोलिटिक कार्बनच्या दोन अर्धगोल पाकळ्या दाराच्या फळ्यांसारख्या उघडझाप करतात. दुसरी चित्रा झडप. ती तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. तिच्यात कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या कड्यात एकच चकती तिरकी होऊन उघडते आणि ती चकती अतिशय चिवट अशा पॉलिएथिलीनची असते. ती परदेशी झडपेपेक्षा स्वस्त आहे, म्हणून घरच्यांच्या मनात शंका येते. मनात किंतु ठेवू नका. तीस वर्षांहून जास्त काळ ती वापरात आहे. कोणतीही मेटल झडप नीट सांभाळली तर सहसा माणसाला जन्मभर पुरते. दोष एवढाच की परक्या पृष्ठभागावर रक्त गोठतं, म्हणून गोळी आयुष्यभर लागते.

टिश्यू झडप गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून करतात. ग्लुटारल्डिहाइडमध्ये प्रक्रिया केल्यामुळे शरीर ती नाकारत नाही. (घरात माळकरी माणसं असतील, किंवा या दोन प्राण्यांपैकी कशालाही धार्मिक कारणाने हरकत असेल, तर ते ऑपरेशनच्या आधी मोकळेपणाने बोला. संमतिपत्रावर सही करताना कुणी आपणहून सांगेलच असं नाही आणि नंतर कळलं की घरात वाद होतात.) ही झडप साधारण दहा ते पंधरा वर्षं टिकते. वय जितकं कमी तितकी ती लवकर कडक होते, आणि मायट्रल जागी प्रत्येक ठोक्याला पूर्ण दाब झेलावा लागत असल्याने एओर्टिक जागेपेक्षा (महाधमनीच्या तोंडाशी) लवकर. सत्तरीच्या बाईंना हरकत नाही. ४६ व्या वर्षी घातली तर साठीच्या आत-बाहेर पुन्हा छाती उघडण्याची वेळ येईल, तेव्हा हृदय छातीच्या हाडाला मागून चिकटलेलं असेल आणि जोखीम पहिल्यापेक्षा जास्त असेल. जुन्या टिश्यू झडपेत नळीवाटे नवी झडप बसवता येते हे खरं, पण ते सगळ्यांना जमत नाही आणि झडपेचीच किंमत कित्येक लाख असते. ढोबळ नियम असा आहे की पन्नाशीच्या आत मेटलकडे कल, पासष्टीनंतर टिश्यूकडे, आणि मधल्या वयात बसून बोलायचं.

नातेवाईकांचा मुद्दा गोळी टाळण्याचा आहे. तो इथे लागू होत नाही. आईंच्या ठोक्यांची लय बिघडलेली आहे आणि गुठळी होऊन चुकली आहे, त्यामुळे टिश्यू घातली तरी रक्त पातळ करणारं औषध बहुतेक चालूच राहील. फरक इतकाच की टिश्यूबरोबर पहिल्या काही महिन्यांनंतर नव्या प्रकारच्या, वारंवार रक्त तपासावं न लागणाऱ्या गोळ्या काही रुग्णांना देता येतात. मेटल झडपेबरोबर त्या अजिबात चालत नाहीत. त्यांतली डॅबिगाट्रान ही गोळी देऊन पाहण्याचा प्रयोग झडपेवर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावा लागला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून पुढे कधी कुणी डॉक्टर चांगल्या भावनेने “ही नवी गोळी घ्या, तपासणीची कटकट नाही” म्हणाले, तर झडप मेटलची आहे हे त्यांना तिथल्या तिथे सांगा.

आई पंचविशीतल्या असत्या आणि मूल हवं असतं तर हे सगळं गणित बदललं असतं. ही गोळी गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला व्यंग करू शकते, आणि बंद केली तर झडप गोठते. अशा मुलींनी झडप निवडण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ दोघांना एकत्र विचारलंच पाहिजे.

तयारीत लोक रक्तदाते आणि पैसे यांच्या मागे धावतात आणि दात विसरतात. किडलेला दात म्हणजे रक्तात जंतू सोडणारी मोरी. ते जंतू नव्या झडपेवर बसले की बाहेर काढणं महाकठीण. काढायचे दात ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी काढून हिरड्या भरू द्या. आई मिश्री लावत असतील (आपल्या गावाकडे या वयाच्या बायकांत फार आहे) तर आजपासून बंद. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्या खराब होतात, निकोटिनने जखम उशिरा भरते. दुसरी विसरली जाणारी तपासणी पाळीची. वय ४६, पाळी जायच्या सुमाराची. गर्भाशयात गाठी असतील आणि अंगावरून जास्त जात असेल तर पुढे गोळी सुरू झाल्यावर ते दुप्पट जाईल. सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत आताच घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही आताच वाढवा. चाळिशीनंतर हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी बहुधा करतातच, म्हणजे ब्लॉक असेल तर त्याच वेळी बायपास होतो. सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी बरोबर न्या. कोणती किती दिवस आधी थांबवायची ते टीम ठरवेल. गुठळी आहे म्हणून रक्त पातळ करणारं औषध स्वतःहून थांबवू नका. गोळी बंद करून तिच्या जागी टीमच हेपॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) देते.

ऑपरेशनच्या दिवशी भूल दिल्यावर अन्ननलिकेत एकोची नळी घालतात. ती शेवटपर्यंत आत राहते आणि तीच सर्जनचे डोळे असते. छातीच्या मधलं हाड उभं कापतात. हेपॅरिन देऊन रक्त गोठण्याचा वेळ बराच लांबवतात, आणि तो पुरेसा लांबल्याची खात्री झाल्याशिवाय हार्ट-लंग मशीन सुरू करत नाहीत. महाशिरांमधलं रक्त मशीनमध्ये जातं, तिथे ऑक्सिजन मिळून महाधमनीत परत येतं. शरीर २८ ते ३२ अंशांपर्यंत थंड करतात. महाधमनीला चिमटा लावून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत पोटॅशियमचं थंड द्रावण सोडतात आणि मॉनिटरवरची रेघ सपाट होते. हृदय असं थांबलेलं साधारण तासभर ते दीड तास असतं.

डावा वरचा कप्पा उघडून आईंच्या बाबतीत आधी गुठळी काढावी लागेल, तीही तुकडे न होऊ देता, आणि कप्पा धुवून घ्यावा लागेल. कप्प्याला कानासारखा एक कोपरा असतो, गुठळ्या तिथेच धरतात. तो बहुधा शिवून बंद करतात. मग झडपेची पुढची पाकळी कापतात. मागची पाकळी आणि तिचे तंतू शक्य तेवढे राखतात, कारण ते तंतू खालच्या कप्प्याचा आकार आवळून धरतात. सगळे कापले तर पंप ढिला पडतो आणि मागची भिंत फाटण्याचा धोका वाढतो. मोजपट्टीच्या गोल साच्यांनी माप घेतात. मायट्रलची मापं मिलिमीटरमध्ये २५, २७, २९, ३१ अशी असतात, आणि आपल्याकडच्या बायकांना बहुधा त्यातली लहानच लागतात.

शिवण हा सगळ्यात नाजूक भाग. दोन्ही टोकांना सुई असलेले, टेफ्लॉनची बारकी चौकोनी पट्टी ओवलेले बारा ते सोळा टाके झडपेच्या कडेने गोल घेतात. एक हिरवा, एक पांढरा असे आळीपाळीने, म्हणजे दोरे एकमेकांत गुंतत नाहीत. प्रत्येक टाका मग नव्या झडपेच्या कापडी कड्यातून ओवतात, झडप दोऱ्यांवरून सरकवत जागेवर बसवतात आणि एकेक गाठ मारतात. गाठींची टोकं अगदी आखूड कापतात, कारण लांब राहिलेलं एक टोकसुद्धा पाकळीत अडकून झडप उघडीच ठेवू शकतं. या कड्याला एका बाजूला हृदयाला रक्त देणारी सर्कमफ्लेक्स धमनी चिकटलेली असते, दुसरीकडे एओर्टिक झडप, तिसरीकडे ठोक्यांच्या विद्युतवाहिनीचा गठ्ठा. टाका खोल गेला तर यांपैकी काहीतरी दुखावतं. उथळ पडला तर पुढे कड्याशेजारून गळती होते. म्हणून सर्जन निवडताना मशीनच्या मॉडेलपेक्षा वर्षाला मायट्रल झडपा किती बदलता, हा प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं आहे.

नंतर आतली हवा काढतात, चिमटा सोडतात, हृदय बहुतेक वेळा आपणहून धडधडू लागतं. एकोवर पाकळ्या हलताना पाहतात, प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवतात. छातीत ड्रेनच्या नळ्या आणि हृदयावर पेसमेकरच्या तात्पुरत्या तारा ठेवून हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या तारा कायम राहतात.

जोखीम लपवण्यात अर्थ नाही. ठरवून केलेल्या मायट्रल बदलात शंभरात साधारण तीन ते सहा रुग्ण दगावतात. फुप्फुसातला दाब वाढलेला असला की थोडी जास्त, तातडीने करावं लागलं तर बरीच जास्त. रक्तस्रावामुळे पुन्हा ऑपरेशन थिएटरात नेणं, अर्धांगवायू, मूत्रपिंडाचा त्रास, कायमचा पेसमेकर, हाडाच्या जखमेत पू हे त्रास काहींना होतात. आज आईंना बसून घास जातो आहे, लघवी नीट होते आहे. पाय सुजून, यकृत फुगून आल्यावर हेच ऑपरेशन वेगळं होतं. थांबण्यात फायदा नाही.

सगळं सरळ गेलं तर सहा ते बारा तासांत व्हेंटिलेटर निघतो, दोन-तीन दिवस आयसीयू, एकूण आठ-दहा दिवसांत घरी. त्या दिवसांत आईंचं मुख्य काम म्हणजे तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं दर तासाला दहा वेळा ओढणं आणि उशी छातीशी कवटाळून खोकणं. दुखतं म्हणून खोकला दाबला की फुप्फुसाचा तळ बसतो आणि न्यूमोनिया होतो.

घरी आल्यावर हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही: कळशी नाही, सिलिंडर नाही, नातवंड उचलणं नाही. हातावर जोर देऊन उठायचं नाही, म्हणून संडासात खुर्चीचं भांडं हवं. दोन-तीन महिने दुचाकीवर मागेसुद्धा बसू नये. आपल्याकडचे गतिरोधक आणि खड्डे छातीच्या हाडाला सोसत नाहीत. पापड, लोणचं, सुकट कमी.

आता गोळी. इथे थोडा वेळ थांबून वाचा.

आपल्याकडे दोन औषधं चालतात, असेनोक्युमॅरॉल आणि वॉर्फरिन. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम ती सारखी नाहीत. दुकानात एक नाही म्हणून दुसरं घेऊ नका, आणि १, २, ४ मिलिग्रॅमच्या पट्ट्या एका डब्यात ठेवू नका. ताकद चुकून दुप्पट गेली की रक्तस्राव होतो. गोळी संध्याकाळी, ठरल्या वेळी घ्यायची. सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा असेल तर त्याच संध्याकाळी बदलता येतो. विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. कॅलेंडरवर रोज खूण करा, कारण “घेतली असेल” हे सर्वांत धोक्याचं वाक्य आहे.

तपासणीचं नाव पीटी-आयएनआर. रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो ते ती सांगते; आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ. मायट्रल मेटल झडपेला आयएनआर सर्वसाधारणपणे २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. आईंचा आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सुरुवातीला दर तीन-चार दिवसांनी, स्थिर होईल तसं आठवड्याने, मग महिन्याने. पहिले दीड महिने आकडा उड्या मारतो, कारण जेवण रोज बदलत असतं आणि यकृताची सूज उतरत असते. याच काळात आयएनआर फार वर गेला तर हृदयाभोवती रक्त साचू शकतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक थकवा, चक्कर, दम आला तर “अशक्तपणा आहे” म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी एको करा.

चुकीचा आकडा येण्याचं एक साधं कारण नळीत असतं. निळ्या झाकणाच्या नळीत आधीच ०.३ मिलि सायट्रेट असतं आणि त्यात बरोबर २.७ मिलि रक्त लागतं. नळीवर रेघ असते. शीर नीट सापडली नाही म्हणून अर्धीच नळी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. त्यावर डोस कमी केला की झडप गोठायची वाट मोकळी. नळी रेघेपर्यंत भरली का हे डोळ्यांनी पाहा. आकडा नेहमीपेक्षा फार वेगळा आला आणि कारण सापडत नसेल तर डोस बदलण्याआधी पुन्हा तपासा. लॅब शक्यतो एकच ठेवा.

५ च्या वर गेला आणि रक्तस्राव नसेल तर त्या संध्याकाळची गोळी थांबवून हॉस्पिटलला फोन करा. व्हिटॅमिन के चं मोठं इंजेक्शन कुणी सरसकट देऊ लागलं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायला लावा; त्याने आकडा एकदम कोसळतो आणि नंतर कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही. २ च्या खाली गेला तर त्याच दिवशी फोन. हेपॅरिनची इंजेक्शनं लागतील का ते ते ठरवतील.

जेवणाबाबत “हिरव्या भाज्या बंद” असं सांगितलं जातं, ते चूक आहे. पालक, मेथी, शेपू, अळू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं. पण आठवड्यात जेवढी पालेभाजी जाते तेवढी दर आठवड्याला जात राहिली की डोस तिच्याशी जुळतो. गडबड होते ती अचानक बदलाने: पावसाळ्यात रोज रानभाज्या, श्रावणात महिनाभर एकभुक्त, नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा. उपवास करायचाच असेल तर सुरू होण्याआधी आणि चार-पाच दिवसांनी आयएनआर करा. काढे, हळदीच्या कॅप्सूल, वजन कमी करण्याच्या पावडरी नकोत. आमटीतली हळद चालते.

औषधांत जास्त धोका आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असलेली अंगदुखीची गोळी नको. पॅरासिटॅमॉल चालतं, पण सलग काही दिवस भरपूर घेतलं तर तेही आयएनआर वाढवतं. जुलाबासाठीचं मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल, ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन आकडा चढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन तो जोरात पाडतं. कोणतंही नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत तपासणी, आणि बंद झालं की पुन्हा. वारीला जायची आईंची इच्छा असेल तर सहा महिन्यांनी, एको चांगला असेल तर डॉक्टरांना विचारून जाता येईल. निघण्याआधी आयएनआर, गोळ्या कमरेच्या पिशवीत, सामानाच्या ट्रकमध्ये नाही. वाटेत पाय दुखतात म्हणून कुणी दिलेली गोळी घ्यायची नाही. जुलाब झाले, जेवण सुटलं तर आकडा चढतो; पुढच्या मुक्कामी रक्त द्या.

रुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिलं जाणारं पेनिसिलिन झडप बदलल्यावरही डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू राहतं. दर तीन आठवड्यांनी कुल्ल्यात घ्यायचं इंजेक्शन या गोळीबरोबर स्नायूत रक्त साचवू शकतं, म्हणून पुष्कळदा त्याऐवजी तोंडाने पेनिसिलिन देतात. कोणतं, ते डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या.

पावसाळ्यात ताप आला की गावात आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन मिळतं. मेटल झडप असताना हे करू देऊ नका. झडपेवर जंतू बसल्याचं निदान रक्ताच्या कल्चरवर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवर) ठरतं, आणि अँटिबायोटिकच्या एका डोसनेही कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. दोन-तीन दिवसांच्या वर ताप टिकला तर आधी वेगवेगळ्या जागांवरून तीन कल्चर, प्लेटलेट आणि आयएनआर, मग औषध. डेंगीत प्लेटलेट घसरतात आणि गोळीही चालू असते, म्हणून तो घरी काढायचा आजार नाही. दात काढताना किंवा हिरड्यांचं काम करताना तासभर आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध डॉक्टर देतील.

रात्री घर शांत झालं की मेटल झडपेची बारीक टिकटिक शेजारी झोपलेल्याला ऐकू येते. घरच्यांनी तो आवाज ओळखीचा करून घ्यावा. तो दबका झाला किंवा ऐकू येईनासा झाला, त्याबरोबर दम वाढला, तर झडप गोठली असण्याची शक्यता आहे. सकाळची वाट न पाहता पुण्याला आणा. एक्स-रेच्या पडद्यावर पाकळ्या हलताना दिसतात की नाही ते काही मिनिटांत कळतं. गुठळी विरघळवणारं औषध किंवा तातडीचं ऑपरेशन, दोन्हींत तास महत्त्वाचे असतात. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, काळी शौच, डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, पाळीत किंवा पाळीशिवाय पोटात अचानक तीव्र कळ, यांसाठीही तेच.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलणं बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि एकोचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, मंजुरी आल्यावर दाखल व्हा. झडप कोणत्या मेकची, पॅकेजमध्ये काय काय धरलं आहे आणि पुढच्या तपासण्यांना काही मिळतं का, हे विचारून घ्या. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात. त्याची चौकशी तिथल्या समाजसेवा विभागात होते. डिस्चार्जच्या वेळी झडपेचं कार्ड, ज्यावर मेक, माप आणि क्रमांक असतो, मागून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. दीड ते तीन महिन्यांनी केलेला एको पुढच्या सगळ्या तुलनांचा पाया असतो, तो चुकवू नका.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी भोरमधल्या लॅबमध्ये एक चक्कर मारा. आयएनआर तिथेच करतात की नमुना पुण्याला पाठवतात, रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मिळतो का, रविवारी आणि सणाला कोण असतं, आणि रिपोर्ट फोनवर पाहून डोस सांगणारा डॉक्टर कोण, हे विचारून कागदावर लिहा. तो कागद घेऊन सर्जनांकडे जा आणि मग मेटल की टिश्यू ते ठरवा.